टाचेला वेळ आहे, अंगठ्याखालच्या जखमेला नाही

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४७. चार महिन्यांपासून उजवी टाच दुखते. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की कळ मस्तकात जाते, मग दहा-पंधरा पावलांनी कमी होते. काम दिवसभर उभ्याचं, त्यामुळे संध्याकाळी पुन्हा ठणका. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दोनदा गोळ्या दिल्या. गोळी चालू असते तोवर बरं वाटतं. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, पायाच्या स्पेशालिस्टकडे जा. नवरा म्हणतो, टाचेसाठी कसला स्पेशालिस्ट, वजन कमी कर. फॅमिली डॉक्टरांना सोडून दुसरीकडे गेले तर त्यांना वाईट वाटेल का, हेही मनात आहे. पायाच्या कुठल्या दुखण्याला कुणाकडे जायचं, हे एकदा नीट सांगाल का? सासूबाईंच्याही (वय ७१, बारा वर्षांपासून मधुमेह) पायाच्या अंगठ्याखाली जखम आहे, पण ती दुखत नाही म्हणून त्या डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. त्यांचं पुढच्या महिन्यात बघू.
– एक वाचक

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल. तुमची टाच चार महिने दुखतेय, आणखी आठ दिवस दुखली तर काही बिघडणार नाही. सासूबाईंची जखम मात्र पुढच्या महिन्यावर टाकू नका. उद्या, फार तर परवा, ती डॉक्टरांच्या नजरेखालून गेली पाहिजे.

‘दुखत नाही’ म्हणून त्या यायला तयार नाहीत, आणि दुखत नाही याचीच मला काळजी वाटते. अंगठ्याखाली, चवड्यावर उघडी जखम असेल तर पाऊल टाकताना माणूस कळवळायला हवा. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. बूट चावतो, खडा रुततो, कातडी फाटते, आणि त्यातलं काहीच जाणवत नाही. मग त्याच जखमेवर दिवसभर चालणं होतं. वरून घट्टा धरतो, आत जखम खोल जात राहते. पायाचा रक्तपुरवठाही कमी झालेला असेल तर ती भरून यायचं नाव घेत नाही. मधुमेहात पाय किंवा बोट कापावं लागतं, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एका बारक्या जखमेनं झालेली असते.

सासूबाईंना हे पटवायचं असेल तर वाद घालू नका, एक सोपी तपासणी करून दाखवा. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या बोटानं एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्याही नकोत. स्पर्श कळला की त्यांनी ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरतात. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी घरच्या घरी करता यावी म्हणून ही पद्धत सुरू केली. दवाखान्यात हेच काम दहा ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉनच्या बारीक तारेनं करतात. सगळे स्पर्श कळले तरी जखम दाखवायची आहेच. तपासणी फक्त त्यांची समजूत पटावी म्हणून.

कुणाकडे न्यायचं? मधुमेही पायांसाठी वेगळा विभाग असलेलं रुग्णालय आवाक्यात असेल तर थेट तिथे. नसेल तर उद्याच फॅमिली डॉक्टरांकडे, आणि त्यांच्याकडून पुढची चिठ्ठी. स्पेशालिस्टची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळते आहे म्हणून घरी थांबू नका. भोवती लाली पसरत असेल, पू किंवा वास येत असेल, ताप असेल, बोट निळं-काळं पडत असेल तर उद्याचीही वाट नको, त्याच दिवशी रुग्णालय. तोवर पाय गरम पाण्यात बुडवू नका (बधिर पायाला चटका कळत नाही), घट्टा ब्लेडनं कापू नका आणि कुरुपावर लावायची औषधी पट्टी तर अजिबात लावू नका; तिच्यातलं आम्ल घट्ट्याबरोबर चांगली कातडीही खातं.

तिथे गेल्यावर फक्त मलमपट्टी करून परत पाठवलं, तर दोन गोष्टी विचारा. पायाचा रक्तपुरवठा तपासला का? आणि जखमेवरचा भार कसा काढायचा? तळपायाच्या जखमेत भार काढणं हाच उपचाराचा निम्म्याहून मोठा भाग असतो. खास बूट किंवा प्लास्टर देऊन त्या जागेवर वजन पडणार नाही अशी व्यवस्था करतात. उत्तम औषध लावलं आणि त्याच जागेवर चालणं सुरू राहिलं, तर औषधाला दोष देऊन उपयोग नाही.

मधुमेहाचं आणखी एकच सांगते, कारण हे चुकीच्या नावाखाली हमखास खपतं. जखम नाही, फारसं दुखत नाही, पण एक पाऊल सुजलंय, लाल झालंय आणि दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागतंय. याला मुरगळणं, संसर्ग किंवा गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधा सुजणं) समजून दिवस काढले जातात. प्रत्यक्षात आत हाडं मोडत, सरकत असू शकतात. शार्को फूट म्हणतात त्याला. असं दिसलं की त्या पायावर चालणं बंद आणि त्याच दिवशी तपासणी.

आता तुमची टाच.

सकाळचं पहिलं पाऊल असह्य, थोडं चाललं की आराम, दिवसभर उभं राहिलं की पुन्हा दुखणं: हे वर्णन प्लांटर फॅशिआयटिसचं आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो टाचेजवळ दुखावतो. रात्रभर पाय खाली झुकलेला राहतो, पट्टा आखडतो, आणि सकाळी सगळं वजन एकदम त्याच्यावर येतं. एक्स-रेमधल्या ‘वाढलेल्या हाडा’ची धास्ती घेऊ नका. तसा काटा कधीही टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत सापडतो, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांना तो नसतोही. तो काढला की दुखणं जाईल, हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो.

फॅमिली डॉक्टरांनी सुरुवात केली ते योग्यच झालं. पण वेदनाशामक गोळी दुखणं झाकते, पट्ट्याचा ताण तसाच राहतो. तुमच्या पत्रात व्यायामाचा उल्लेखच नाही, त्यामुळे चार महिने दुखलं असलं तरी चार महिने उपचार झाले असं मी म्हणणार नाही. म्हणून तुमच्या मैत्रिणीच्या सल्ल्याला माझं उत्तर ‘अजून नाही’ असं आहे. आधी सहा ते आठ आठवडे नीट प्रयत्न करा. पलंगावरून उतरण्याआधी, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटं हातानं नडगीकडे ओढा, तळव्यात ताण जाणवेपर्यंत. दहा सेकंद धरून दहा वेळा. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणा. घरात कडक फरशीवर अनवाणी फिरू नका, टाचेखाली मऊ आणि कमानीला आधार देणारं काहीतरी हवं. कामावर अधूनमधून बसायला मिळेल अशी तडजोड करता आली तर तिचा फायदा गोळीपेक्षा जास्त. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन बैठका झाल्या तर व्यायाम बरोबर होतोय का हेही कळेल. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेशिवाय बरी होते, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही. आठवड्यात फरक नाही म्हणून व्यायाम सोडणारे मी खूप पाहते.

नवऱ्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. वजनाचा टाचेशी संबंध आहे. पण ज्या पायावर उभं राहवत नाही त्यावर वजन कमी करायला चालायचं कसं, हेही त्यांनी सांगायला हवं होतं. पोहणं किंवा सायकल चालेल.

आठ आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर पायाच्या तज्ज्ञाकडे जा, तेव्हा तो खर्च आणि वेळ सार्थकी लागेल. काही खुणा दिसल्या तर त्याआधीही जा. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली की कळ येते, हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत न दिसणं नेहमीचं. पडल्या पडल्या, रात्रीही ठणकतं. टाचेत मुंग्या किंवा बधिरपणा आहे. या गोष्टी साध्या पट्ट्याच्या दुखण्यात बसत नाहीत. आणि तज्ज्ञानं पहिल्याच भेटीत स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर दुसरे उपाय आधी विचारा. इंजेक्शननं काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. एखादं घ्यावं लागलं तर हरकत नाही. दर दोन महिन्यांनी घेत राहणं मला पसंत नाही.

तुमचा मूळ प्रश्न राहिला. मी स्वतः फॅमिली डॉक्टर आहे, तेव्हा माझं झुकतं माप कुठे आहे ते गृहीत धरा.

पायाची तक्रार घेऊन कुणी आलं की पहिल्यांदा मी बघते, एक पाय की दोन्ही. दोन्ही पाय सारखे सुजत असतील, दोन्ही तळव्यांची आग होत असेल, दोन्हीकडे मोजे घातल्यासारखा बधिरपणा असेल, तर पायाच्या तज्ज्ञाकडे जाऊन फार काही हाती लागत नाही. सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताची असू शकते, नाहीतर रक्तदाबासाठी चालू असलेल्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीची. आग आणि मुंग्या साखरेच्या, बी-१२ कमी पडल्याच्या, थायरॉइडच्या. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, हे खुद्द मधुमेहींनाही अनेकदा कुणी सांगितलेलं नसतं. या सगळ्याचा छडा रक्त-लघवीच्या तपासण्यांतून आणि औषधांच्या यादीतून लागतो, आणि ती यादी फॅमिली डॉक्टरांकडे असते.

उलट, ‘इथे दुखतं’ म्हणून एका बोटानं एकच जागा दाखवता येत असेल, आणि चालण्या-उभं राहण्याशी तिचा संबंध असेल, तर दुखणं बहुधा पायाचंच. पाऊल म्हणजे २६ हाडं, तेहेतीस सांधे आणि शंभरावर स्नायू, दोऱ्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या) आणि बंध. साध्या गोष्टी फॅमिली डॉक्टर बघतील. पण अंगठ्याचं हाड बाहेर येऊन रोजचे बूट घालणं अशक्य झालंय, नख पुन्हा पुन्हा मांसात रुतून पिकतंय, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये सतत खडा रुतल्यासारखं वाटतंय आणि बोटात करंट जातो, अशा वेळी तज्ज्ञच बरा. एका बाबतीत तर मी लवकर जायला सांगते: चाळिशी-पन्नाशीनंतर एकाच पायाची कमान बसत चालली आहे, घोट्याची आतली बाजू दुखते, आणि त्या एका पायाच्या चवड्यावर टाच उचलून उभं राहता येत नाही. तिथली दोरी निकामी होत असते. सुरुवातीला आधाराच्या बुटावर आणि व्यायामावर भागतं, उशीर झाला की हाडांच्या शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते.

मात्र ‘पायाचा स्पेशालिस्ट’ म्हणजे कोण, हे आधी विचारून घ्या. ब्रिटन-अमेरिकेत पोडिएट्रिस्ट हा स्वतंत्र पेशा आहे, त्याचं वेगळं शिक्षण असतं. अनेक देशांत असे लोक फार थोडे आहेत, आणि हाडांच्या डॉक्टरांपैकीच काही जण पाऊल आणि घोटा यांवर जास्त काम करतात. दोघेही चांगले, पण कुरूप, नखं, घट्टे, बुटातले आधार यांसाठी पहिला, आणि मोडलेली-वाकडी हाडं, तुटलेल्या दोऱ्या यांसाठी दुसरा सोयीचा. फोनवरच विचारा, माझी तक्रार ही आहे, तुम्ही हे बघता का?

काही दुखणी पायात दिसतात आणि तिसऱ्याच माणसाची असतात. मध्यरात्री अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन सुजला, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, हा बहुधा गाऊट; तो फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनचा. झटक्याच्या वेळी युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून तेवढ्यावर गाऊट नाही असं ठरवू नये, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. पण तापही असेल तर सांध्यात संसर्ग नाही ना, हे त्याच दिवशी पाहायला हवं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की दोन मिनिटांत थांबते, पुन्हा चाललं की पुन्हा तेच: रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ही खूण, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांनी. दोन्ही चवड्यांचे सांधे सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासभर हटत नाही, तर संधिवाताचे तज्ज्ञ. कंबरेतून निघून पावलापर्यंत जाणारी कळ पाठीची.

नख जाड, पिवळं झालं की सगळे बुरशी म्हणतात. बूट घासून किंवा सोरायसिसनंही तसंच होतं. महिनोन्‌महिने गोळ्या घेण्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्या. हे काम त्वचारोगतज्ज्ञांचं. त्यांच्याकडे न्यायचीच आणखी एक गोष्ट म्हणजे मार लागल्याचं आठवत नसताना नखाखाली आलेली काळी रेघ, रुंद होत जाणारी किंवा नखाबाहेरच्या कातडीवर उतरणारी. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीचा वाटला होता. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग निघाला, आणि १९८१ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. बहुतेक काळी नखं ठेच लागून झालेली असतात आणि नखाबरोबर वाढत पुढे सरकतात. जे सरकत नाही ते दाखवा.

पाय मुरगळला तर? १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी यासाठी नियम बसवून दिले, ते आजही वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड किंवा टोक, पावलाच्या बाहेरच्या कडेवर करंगळीच्या रेषेत येणारा मधला उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड; यांपैकी कुठेही दाबून दुखलं, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. नाहीतर विश्रांती, बर्फ, पट्टी पुरते. लहान मुलं, बधिर पाय असलेले मधुमेही आणि नशेत असलेली माणसं यांना हे नियम लावू नका. आणि पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘फट्’ असा आवाज झाला, पण मागे कुणीच नव्हतं, तर टाचेची मोठी दोरी तुटली असेल. थोडं चालता येतं म्हणून लोक घरी बसतात. त्याच दिवशी हाडांचा डॉक्टर गाठा.

पाय अचानक थंड, पांढरा पडून बधिर झाला, एकच पोटरी सुजून दुखायला लागली आणि दम लागतोय, किंवा पाठदुखीबरोबर पाऊल लुळं पडलं, लघवी अडली, तर कुठला डॉक्टर हा प्रश्नच नाही. तातडीचा विभाग.

राहता राहिलं फॅमिली डॉक्टरांना वाईट वाटण्याचं. नाही वाटणार, आणि वाटलंच तर ते त्यांचं त्यांना पाहू द्या. पण न सांगता जाऊ नका. दोन महिन्यांनी गरज पडली तर त्यांच्याकडूनच चिठ्ठी घ्या, कारण पायाचा तज्ज्ञ तुमची टाच बघेल, तुमचा रक्तदाब, अ‍ॅसिडिटी, मूत्रपिंडं त्याच्यासमोर नसतील, आणि टाचेसाठी महिनाभर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या तिन्हींना त्रास देऊ शकतात. आतापर्यंत कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, ते कागदावर लिहून न्या. एक्स-रे न्या. भेटीला नवे बूट घालून जाऊ नका. कामावर वापरता ते जुनेच घाला. तळ कोणत्या बाजूनं झिजलाय, हे बघून तज्ज्ञाला तुमच्या चालण्याचा बराच अंदाज येतो.